उपवासाच्या दिवशी वाढलेली साखर

आषाढी एकादशीच्या दुपारी आईने बोटाला सुई टोचली, पट्टीला रक्ताचा थेंब लावला आणि मशीनवरचा आकडा बघून ते माझ्यापुढे सरकवलं. २४६.

"अगं, सकाळपासून पोळी-भाताला हात लावलेला नाही मी. उपवास आहे माझा. तुझं हे मशीनच बिघडलंय."

मी सुई बदलून माझं बोट टोचलं. ११२. मशीन ठीक होतं. मग ओट्यापाशी उभ्या राहून आम्ही दोघींनी तिच्या सकाळचा हिशेब लावला. साडेदहाला साबुदाण्याची खिचडी, एक वाटी, आणि वर "उरलीये तर संपवून टाकते" म्हणून आणखी अर्धी. बाराला वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. शेवटी गूळ घालून केलेला रताळ्याचा कीस, कारण साखर तिला चालत नाही. एवढं सगळं होऊन आईच्या लेखी तिने दिवसभरात काहीच खाल्लं नव्हतं.

आईला मधुमेह होऊन एकोणीस वर्षं झाली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी, ती निळ्या पेनाने साखरेचे आकडे लिहिते. वर उपाशीपोटीचा, खाली जेवणानंतर दोन तासांचा. त्याच चौकटीत छापलेली एकादशी असते, चतुर्थी असते आणि तिने स्वतः लिहिलेलं 'दादाचं ऑपरेशन' किंवा 'लग्न, कोल्हापूर' असं काही असतं. मागच्या दोन वर्षांची पानं मी एकदा मांडी घालून बसून वाचली. डॉक्टरांच्या फाइलमध्ये आकड्यांखाली आकडे असतात. कालनिर्णयवर प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवशी घरात काय घडलं तेही असतं. चढलेल्या आकड्यांपाशी कुठे ताट दिसत होतं, कुठे काळजी. आणि या सगळ्याच्या मागे, कुठल्याच पानावर न लिहिलेलं, आईचे वडील आणि माझा मामा होते. दोघांनाही मधुमेह होता.

तीन कारणं, तीनही ओळखीची. पण आपण त्यांची कशी वाटणी करतो बघा. खाण्याबद्दल बोलायचं तर फक्त गोडावर बोट ठेवतो. ताणाबद्दल "टेन्शन घेऊ नकोस" एवढंच म्हणतो. आणि घराण्याचा विषय निघाला की "आमच्या रक्तातच आहे" म्हणून हात टेकतो. या तिन्ही ठिकाणी आपलं चुकतं, असं मला आता ठामपणे वाटतं.

आधी शरीर काय करतं ते पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती, तर जेमतेम पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. दीड वाटी खिचडीला कोरडा साबुदाणा पाऊण वाटीच्या आसपास लागतो आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. पोटात गेल्यावर त्याचं साठ-सत्तर ग्रॅम ग्लुकोज होतं, म्हणजे रक्तात एरवी असते त्याच्या बारा-चौदा पट. एवढा लोंढा दोन-तीन तासांत येऊनही निरोगी माणसाची साखर १४० च्या पुढे सहसा जात नाही, कारण स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि ग्लुकोजला वाट करून देतं. बराचसा भाग स्नायूंमध्ये जातो, काही यकृतात.

यकृत ही शरीराची कणगी आहे. शंभर ग्रॅमच्या आसपास साखर तिथे साठवून ठेवलेली असते. रात्रभर आपण झोपतो, काही खात नाही, तरी मेंदूला साखर लागतेच. ती या कणगीतून थोडी थोडी निघत असते. इन्सुलिनचा निरोप मिळाला की कणगी भरायची, ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन यांचा निरोप आला की उपसायची. टाइप २ मधुमेहात, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांना असतो त्या प्रकारात, स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं ऐकेनासे होतात. स्वादुपिंड काही वर्षं दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून वेळ निभावतं आणि मग थकतं. ही सगळी वर्षं माणसाला काहीच त्रास नसतो. लहान मुलांना बहुतांशी होतो तो टाइप १ वेगळा. तिथे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच शरीराकडून नष्ट होतात आणि त्याचा खाण्याच्या सवयींशी संबंध नसतो. त्या मुलांच्या आईबापांना "गोड फार देत होतात का?" असं विचारणारे लोक मी पाहिले आहेत. ते कृपा करून थांबवावं.

आपल्या जुन्या वैद्यांनी हा आजार लघवीभोवती जमणाऱ्या मुंग्यांवरून ओळखला होता, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यांनी कारणांचा विचार किती नेमका केला होता, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन भाग केले: एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. चरकाने प्रमेहाच्या एका प्रकाराची कारणं मोजताना उद्वेग, शोक आणि जागरण हे तीन शब्द घातले आहेत. घराणं, खाणं आणि मनाचा ताण, तिन्ही तिथे आहेत. त्यांच्या उपचारांना आजच्या औषधांची जागा द्या असं मी म्हणणार नाही. त्यांची नजर मात्र फार स्वच्छ होती.

आता ताटाकडे. मधुमेह झाला की घरात पहिला बळी जातो तो चहातल्या साखरेचा. ते योग्यच. पण बिनसाखरेच्या चहाबरोबर चार टोस्ट किंवा खारी असते, त्याकडे कुणी पाहत नाही. साखरेऐवजी गूळ आला की मन निर्धास्त होतं. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, तरी तो मुख्यत्वे साखरच आहे आणि रक्ताला त्याचा फरक कळत नाही. खरा प्रश्न धान्याचा आहे. देशभर झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं दिसलं, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचा. आपलं रोजचं खाणं बघा. सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि वर भात, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं, रात्री पुन्हा पोळी नाहीतर खिचडी. गोडाचा एक कणही न खाता दिवसभर ग्लुकोज चालूच.

साबुदाण्याची गोष्ट तर थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. तो होतो टॅपिओका नावाच्या कंदापासून. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि आज आपल्याकडे येणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागात तयार होतो. म्हणजे ज्ञानेश्वर-तुकारामांच्या काळातल्या वारकऱ्याने एकादशीला खिचडी खाल्ली असणं अवघडच. त्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही नाहीत, तंतू नाममात्र. खिचडीत दाण्याचा कूट असतो म्हणून साखर थोडी हळू चढते, एवढाच दिलासा. त्याच्यापेक्षा राजगिरा बरा, दही-काकडी बरी, मूठभर दाणे बरे. वरीचे तांदूळही त्यामानाने बरे, पण वाटीभर. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी खरोखरचा निर्जळी उपवास डॉक्टरांना न विचारता करू नये. साखर ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, आणि तेव्हा त्याच माणसाला झटपट साखर द्यावी लागते.

ज्वारीच्या भाकरीबद्दल एक गैरसमज आहे, तोही बोलून टाकते, कारण तो माझ्या घरात होता. "पोळी बंद केली, आता भाकरीच खाते" असं आई अभिमानाने सांगायची. ज्वारीत तंतू जास्त, पचायला सावकाश, हे बरोबर. पण आमच्याकडची एक भाकरी म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम पीठ. फुलका होतो वीस-पंचवीस ग्रॅमचा. दोन भाकऱ्या म्हणजे पाच-सहा फुलके झाले. एके दिवशी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिठाचा गोळा ठेवून तिला दाखवला. त्यानंतर ती एक भाकरी करते आणि उसळ दोन वाट्या घेते.

आपल्या पारंपरिक ताटाची मांडणी खरं तर फार शहाणी आहे. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात-पोळी. बिघाड झाला तो मापांत. कोशिंबीर चमचाभर उरली, उसळ वाटीच्या तळाशी गेली आणि भाताची मूद मोठी होत गेली. मापं परत बदलली तर वेगळा आहार शोधत फिरायला नको. कोशिंबीर वाटीभर, उसळ किंवा डाळ घट्ट आणि भरपूर, भात त्या वाटीत मावेल तेवढा. आणि क्रम. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली टाइप २ मधुमेह असलेल्या अकरा जणांना तेच जेवण दोन क्रमांनी देऊन पाहिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव शेवटी असा क्रम असताना तासाभरानंतरची साखर उलट्या क्रमापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी आली. अभ्यास लहान आहे, पण तो घरी करून बघायला पैसे लागत नाहीत. आम्ही केला. आधी कोशिंबीर आणि उसळ संपवायची, मग भाकरी, मग दोन घास भात. आईला सुरुवातीला हे विचित्र वाटलं. "नुसती उसळ कोण खातं?" आता सवय झाली आहे.

आणि शतपावली. हा शब्द आपल्याकडे होता आणि आपण तो टीव्हीसमोरच्या सोफ्यावर गमावला. स्नायू काम करत असताना इन्सुलिनशिवायही रक्तातलं ग्लुकोज आत ओढून घेतात. इन्सुलिन नीट चालत नसलेल्या शरीरासाठी ही केवढी मोठी सोय आहे! जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर नेमकी साखर चढत असतानाच ती वापरली जाते. पहाटे तासभर फिरून दिवसभर बसून राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

इथे पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या आजाराकडे जगाची पाहण्याची दृष्टी बदलली. २००४ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचं आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. दोघे शेजारी उभे, दोघांचाही उंचीच्या प्रमाणातल्या वजनाचा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर यडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. आपण भारतीय वरून बारीक असतो आणि आतून, विशेषतः पोटाभोवती, चरबी बाळगून असतो. म्हणून "मी कुठे जाडी आहे?" हे वाक्य आपल्याकडे चालत नाही. काट्यापेक्षा शिवणकामाची टेप जास्त खरं सांगते. पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० सेंटिमीटर झाला, की वजन काहीही असो, सावध व्हायचं.

हे कुठून आलं याचा शोध त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत घेतला. १९९३ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासात गरोदर होण्याआधीपासून बायकांचं खाणं, वजन, काम यांची नोंद ठेवली गेली. त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं हातापायांनी, पोटाने बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास इंग्रज बाळांइतकी. म्हणजे तो आतला साठा जन्माच्या दिवशीच सोबत आलेला. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध होतं त्यांची बाळं मोठी भरली, हेही याच गावांत दिसलं. पुढे त्या मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा, गरोदरपणी ज्यांच्या आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनचा परिणाम कमी आढळला.

हे वाचल्यापासून 'आनुवंशिक' हा शब्द मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. आजीच्या पोटात आई असते तेव्हाच आईच्या बीजकोशात ते स्त्रीबीज तयार झालेलं असतं, ज्यातून पुढे आपण जन्मतो. एका अर्थी आपण प्रत्येक जण आजीच्या पोटात राहून आलेलो आहोत. माझ्या आजीने सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लं, गरोदरपणातही. मी तिच्यावर ठपका ठेवत नाही, तो ठेवायचाच तर तिला उरलेलं खायला लावणाऱ्या रीतीवर ठेवते. घराण्याकडून नुसती जनुकं येत नाहीत. उपासमार येते, भरपेट वाढण्याची माया येते, भाजीत किती तेल घालायचं तो हात येतो आणि रात्री साडेनऊला जेवायची वेळही येते.

जनुकांचा वाटा आहेच. आई किंवा वडील यांपैकी एकाला टाइप २ मधुमेह असेल तर मुलांना आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या घरात सांगितली जाते, दोघांनाही असेल तर ७० च्या आसपास. एकच एक 'मधुमेहाचं जनुक' मात्र सापडलेलं नाही. थोडा थोडा भार टाकणारी शेकडो ठिकाणं आहेत. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने भारतीयांसाठी एक साधं गुणपत्रक तयार केलं आहे, शंभर गुणांचं. जितके गुण जास्त तितका धोका जास्त, ६० आणि पुढे म्हणजे मोठा. वय, पोटाचा घेर, घराण्यात मधुमेह आणि शारीरिक हालचाल अशा चारच गोष्टी त्यात विचारतात. आई-वडील दोघांनाही मधुमेह असेल तर त्याचे गुण २०. अंगाला काहीच हालचाल नसेल तर त्याचे गुण ३०. मी हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. ज्याला आपण नशीब म्हणतो त्याच्यापेक्षा खुर्चीला जास्त गुण आहेत.

चेन्नईतच डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले, आपण 'बॉर्डरलाइन' म्हणतो तसे. ज्यांना नेहमीचा ढोबळ सल्ला दिला त्यांच्यातल्या शंभरांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्याची आणि चालण्याची नीट काळजी घेतली, पाठपुरावा केला, त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे शिस्त पाळूनही ३९ जणांना झालाच, हे लपवायचं कारण नाही. पण शंभरातली सोळा माणसं वाचली. ती माणसं कुणाची तरी आई, कुणाचे तरी मामा असतात.

आता ताण. कालनिर्णयच्या पानांवर सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकलं ते फेब्रुवारीच्या एका आठवड्याने. दादाचं ऑपरेशन होतं. आई धड जेवत नव्हती, दोन घास खाऊन उठत होती. तरी एरवी १२५-१३० असणारी उपाशीपोटीची साखर १८४, १९१, १७८ अशी. "खाल्लं नाही तरी वाढते कशी?" या प्रश्नाचं उत्तर कणगीत आहे. भीती, काळजी, दुखणं, ताप यांत शरीर संकटासाठी कंबर कसतं. ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल यकृताला साखर बाहेर काढायला सांगतात, म्हणजे पळायला किंवा लढायला ताकद मिळावी. हजारो वर्षांपूर्वी समोर वाघ असायचा आणि ती साखर धावण्यात खर्च व्हायची. आज माणूस ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेला असतो. साखर निघते, खर्च मात्र होत नाही.

हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या पुस्तकात याचे फार सुंदर दाखले दिले आहेत. फुटबॉलच्या १९१३ सालच्या हंगामातल्या शेवटच्या, अटीतटीच्या सामन्यानंतर त्यांनी विद्यापीठाच्या २५ खेळाडूंची लघवी तपासली. बारा जणांच्या लघवीत साखर सापडली, आणि त्या बारांतले पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, बाहेर बसून पाहत होते! वैद्यकीच्या नऊ विद्यार्थ्यांना अवघड परीक्षेनंतर तपासलं तर चौघांच्या लघवीत साखर होती. सोप्या परीक्षेनंतर फक्त एकाच्या. ही सगळी तरुण, निरोगी मुलं. त्यांची साखर थोड्या वेळाने उतरली. ज्यांचं इन्सुलिन आधीच कमी पडतंय त्यांची उतरत नाही, किंवा फार सावकाश उतरते.

झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठात १९९९ साली अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं. रक्तातलं ग्लुकोज निकालात काढण्याचा त्यांचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. सहा रात्रींत. रात्रपाळी करणारे, परदेशातल्या वेळेप्रमाणे कॉल घेणारे, आजारी सासूबाईंच्या उशाशी जागणाऱ्या सुना यांनी आपल्या साखरेचा विचार करताना हेही मोजावं. चरकाचा 'जागरण' हा शब्द इथे आठवतो.

म्हणून "टेन्शन घेऊ नकोस" हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. काळजी कुणी हौसेने घेत नाही. त्याऐवजी त्या आठवड्यात करण्यासारखं काही असतं. साखर जास्त वेळा मोजायची. गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, कारण धावपळीत आधी त्याच चुकतात. रात्रीची पाळी दुसऱ्या कुणी घ्यायची आणि आईला झोपू द्यायचं. दवाखान्याच्या आवारात का होईना, दोन फेऱ्या मारायच्या. आणि डॉक्टरांना सांगायचं की घरात असं चाललंय, म्हणजे त्या एका आकड्यावरून ते औषधाचा निर्णय घेणार नाहीत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी अशा वेळी उपयोगी पडते. रक्तक्षय असेल तर मात्र तिचाही आकडा फसवू शकतो. स्टेरॉइडची औषधं हेही याच जातीचं कारण आहे. कोरोनाच्या २०२१ सालच्या लाटेत स्टेरॉइड आणि चढलेली साखर यांच्या जोडीने काळ्या बुरशीला वाट करून दिली, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे.

देशात सध्या किती जणांना मधुमेह आहे? इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार दहा कोटींहून जास्त, प्रौढांमधले ११.४ टक्के. उंबरठ्यावरचे आणखी १३.६ कोटी. सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार माणसांत एकाहून अधिक. यातल्या पुष्कळांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसतं.

मलाही नव्हतं. एकादशीनंतरच्या आठवड्यात मी आणि दादा दोघांनी तपासणी करून घेतली. माझी उपाशीपोटीची साखर आली ९८, म्हणजे शंभराच्या आत, उत्तम. त्यावर समाधान मानून मी घरी आले असते. पण डॉक्टरांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. १५२. १४० ते १९९ म्हणजे उंबरठा. आपल्याकडे पुष्कळांचं असंच असतं, बिघाड आधी जेवणानंतरच्या आकड्यात दिसतो. आता कालनिर्णयच्या चौकटीत लाल पेनाने माझाही आकडा असतो. कार्तिकी एकादशीला आईने राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, काकडीची कोशिंबीर आणि अर्धी वाटी वरी खाल्ली, आणि आम्ही दोघी गल्लीच्या टोकापर्यंत चालून आलो. तिचा आकडा आला १६६.

तुमच्या घरात आई, वडील, आजी-आजोबा, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला मधुमेह असेल आणि तुमचं वय तिशीच्या पुढे असेल, तर या महिन्यात तपासणी करून घ्या. गरोदर मुली-सुनांनी तर वय पाहूच नये. नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर थांबू नका, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांचाही बघा. सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरच्यांची साखरेची प्राथमिक तपासणी मोफत होते. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० च्या पुढे आकडा आला, तर कारल्याच्या रसावर महिने घालवू नका, डॉक्टरांकडे जा. आणि जाताना भावंडांना सोबत न्या.